मॅचिंग सेंटरच्या वर

७ जानेवारी, मंगळवार

आज वांगी रंगाचा घेतला. वांगी रंगाची एकही साडी माझ्याकडे नाही, पण डॉक्टरकडे जायचं तर ब्लाउजपीस घ्यावाच लागतो.

दवाखाना वरच्या मजल्यावर, आणि जिना धर्मेशभाईंच्या 'जिज्ञासा मॅचिंग सेंटर'मधून. उल्हासनगरात कापडाच्या दुकानात शिरणाऱ्या बाईकडे कोण बघतंय? पिशवी हलवत बाहेर पडलं की झालं. आमचा अर्धा हेंद्रेपाडा समोर आला तरी बिनधास्त! युक्ती महेंद्ररावांची. नवरा अंबरनाथच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होता, धोका आधी हेरायची सवय. "अनीशचं लग्न जमतंय," म्हणाले. "मुलाची आई मनोविकारवाल्याकडे जाते, हे राजसीच्या घरी कळलं तर—" पुढचं बोललेच नाहीत.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघून त्यांना विचारलं, "रडतात का अजून?"
"कमी आहे."
"झोप?"
"बरी."
"जेवण?"
"जेवते."
मी मध्ये बसले होते, बरोबर आणलेल्या सामानासारखी. निघताना मात्र डॉक्टर माझ्याशी बोलले. रोज मूड लिहायचा, दहापैकी किती. म्हणून हे लिहिणं. आजचा मूड: दहापैकी वांगी.

१० जानेवारी, शुक्रवार

आई गेली ऑक्टोबरात. दर शुक्रवारी मी तिच्याकडे अंबरनाथला जायचे. मोड आलेले वाल पाण्यात घालून दोघी सोलत बसायचो. आता वालाचं ताट पुढे घेतलं की रडू येतं. एवढाच माझा आजार. कांदा चिरताना रडले असते तर कोणी डॉक्टरकडे नेलं नसतं.

डॉक्टरांनी पहिल्या दिवशी विचारलं, किती आठवडे झाले? कोण गेलं, कशी होती, काही नाही. आठवडे! ठरलेल्यापेक्षा जास्त भरले असावेत, गोळी सुरू केली.

झोप लागते, खोटं कशाला बोलू. आधी छताकडे बघत पडून असायचे. पण रडण्याबरोबर हसूही गेलं. काल अनीशने त्याच्या बॉसची नक्कल केली. मस्त करतो. मला कळलं की हे हसण्यासारखं आहे. आणि तेवढंच झालं.

१३ जानेवारी

महेंद्रराव आज पुन्हा सकाळी बूट घालून सोफ्यावर. रिटायर होऊन दीड वर्ष होत आलं. म्हटलं, "कुठे निघालात?" म्हणाले, "कुठे नाही." इस्त्रीचा शर्टसुद्धा होता!

२१ जानेवारी, मंगळवार

दवाखान्याच्या बाकावर शेजारी बनूबाई भेटल्या. विठ्ठलवाडीच्या चाळीत राहतात. नवरा पिऊन येतो, हात उचलतो. त्यांना झोप लागत नाही, म्हणून गोळी त्यांना.

"मी बोल्ले डाक्टरला, ही गोली त्यालाच द्या ना. तर बोल्तो, त्याला घेऊन या." मग माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाल्या, "तो माज्या बोलन्यानं येत असता ना ताई, तर मला झोपच लागली असती!"

मी हसले. मोठ्याने, गोळी पोटात असताना! महेंद्रराव दचकून इकडेतिकडे बघायला लागले. आत गेल्यावर डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "काही बदल?" हे म्हणाले, "आज हसली." डॉक्टरांनी लिहून घेतलं. कशाला हसले ते राहिलंच. बनूबाईंचं बोलणं लिहून घेतलं असतं तर दवाखान्याच्या भिंतीवर लावता आलं असतं.

आज लिंबू रंग. बनूबाईंनी घेतला डाळिंबी.

२३ जानेवारी, गुरुवार

हे पीएफच्या कामाला कल्याणला. हल्ली पीएफचं काम बरं निघतं, गुरुवार आला की निघतंच.

२ फेब्रुवारी, रविवार

साखरपुडा तेवीस तारखेला ठरला. बायकांच्या ओटीला ब्लाउजपीस लागणार म्हणून कपाट उघडलं. म्हटलं, माझ्या आजाराचा कोणाला तरी उपयोग. ब्लाउजपीस तसाही कोणी शिवत नाही. या घरून त्या घरी फिरत राहतो आणि एक दिवस आपल्याच ओटीत परत येतो.

गठ्ठा काढला आणि हातात आला राखाडी.

मी राखाडी घेतलेला नाही. राखाडी ब्लाउजपीस कोणती बाई घेते? त्याखाली नेव्ही ब्लू. त्याखाली चक्क काळा. ओटीत काळा घालत नाहीत हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. सगळ्यांवर जिज्ञासा मॅचिंगचा कागद. कपाट माझं, पिशव्या माझ्या, आणि काही म्हणजे काही आठवत नाही.

आईचंही असंच सुरू झालं होतं. एकच पातेलं दोनदा चढवायची. शेवटी शेवटी मला विचारायची, "तुम्ही कोणाकडच्या?" आणि सोललेले वाल माझ्यापुढे सरकवायची. पाहुणी म्हणून.

घाबरले आहे. गंमत करायला काही सुचत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज मीच बोलले. डॉक्टर, मी वस्तू घेते आणि विसरते, आईलाही असंच होतं. डॉक्टरांनी यांच्याकडे वळून विचारलं, "कधीपासून विसरतात?"

महेंद्रराव बुटाची नाडी बांधायला वाकले. एरवी माझी झोप, भूक, पोट सगळं तोंडपाठ असतं. आज नाडी सुटलेली निघाली.

"आईंना होतं म्हणता? मग एक गोळी वाढवू," असं म्हणत डॉक्टर लिहायलाच लागले.

"ती गोळी नको," हे म्हणाले.
"का?"
"नको. ती विसरत नाही."
"त्या स्वतःच सांगतायत."

हे उठून जिना उतरले, दुकानातून सरळ रस्त्यावर. माझ्यासाठीसुद्धा थांबले नाहीत. गोळी लिहिलेला कागद माझ्या पर्समध्ये आहे. बायकोचं डोकं चाललंय हे त्यांना बघवत नसेल. मला राग आला, आणि त्यांची दयाही आली.

७ फेब्रुवारी

सतराचा पाढा: आला. गावच्या शेजाऱ्यांची नावं: सगळी. अनीशच्या बारशाला काय काय केलं होतं: मठ्ठ्यासकट आठवलं. राखाडी: नाही.

अनीशला सहज विचारलं, मी विसरते का रे? "आई, चिल. मी काल बाइक कुठे लावली तेच विसरलो, डोक्याला शॉट झाला नुसता." तो पंचविशीचा आहे म्हणून त्याला गोळी नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

एकटी गेले. वर नाही, दुकानात. राखाडी तुकडा गल्ल्यावर ठेवला आणि विचारलं, "धर्मेशभाई, ये मैं कब लेके गयी?"

त्यांनी चष्मा वर केला. "आप कहाँ, दीदी. ये तो साहब ले गये. गुरुवार को आते हैं न अकेले. मैंने बोला, साहब, ब्लाउज में ग्रे नहीं चलता. बोले, चलेगा, पैक करो." मग हलक्या आवाजात, "ऊपर जाते हैं तो कुछ तो हाथ में चाहिए न."

मला बसायला स्टूल दिलं. बसले. मी विसरत नाही, मी विसरत नाही, एवढंच मनात चाललं होतं. मग कितीतरी वेळाने दुसरी गोष्ट लक्षात आली. पीएफचं काम. बूट.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काल काही बोलले नाही. सकाळी हे बूट घालायला गेले, तर डाव्या बुटात राखाडी ब्लाउजपीस. मीच कोंबला होता.

तुकडा बाहेर काढून त्यांनी त्याची नीट घडी घातली. मग म्हणाले, "घरात एक जण डॉक्टरकडे जातोय तेवढं पुरे, असं वाटलं. तुकडे तुझ्या ढिगात कळणार नाहीत म्हणून ठेवले."
"काळा कळणार नाही?"
"मला रंगातलं काय कळतं."

मी सोडलं नाही. म्हटलं, "आठवडाभर मी आईसारखी होतेय असं मला वाटू दिलंत." मान खाली. "डॉक्टरांसमोर तोंडाशी आलं होतं," म्हणाले. "सांगवेना." त्यांचे डोळे भरले. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं बघितलं नव्हतं.

दुपारी वाल सोलले, दोघांनी. ते दाण्याचा चुरा करतात. मी रडले. कमी की जास्त, हे त्यांनी बघितलं नाही. त्यांची पंचाईत एवढीच की आता बूट काढल्यावर दिवसभर काय करायचं, ते त्यांना ठाऊक नाही. म्हटलं, "वाल नीट सोलायला शिका. त्यात पाच-सहा वर्षं जातील."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दोघं गेलो. जाताना काही घेणार नाही आणि येतानाही, हे धर्मेशभाईंना आधीच सांगितलं. वर डॉक्टरांनी महेंद्ररावांकडे बघून मला विचारलं, "कसे आहेत हे?"

"त्यांनाच विचारा," मी म्हटलं.

डॉक्टरांनी विचारलं. मग हे म्हणाले, "सकाळी मी बूट घालतो—" आणि डॉक्टरांनी लिहायला पेन उचललं. मी हात लांब करून ते पेन काढून घेतलं.