बाबा तर हिरवा म्हणाले होते

रविवार, संध्याकाळ

डोकं पार भणभणलंय. लहानपणी पाहिलेली ती जपानी मालिका आज मोबाईलवर सापडली. रबरी राक्षस, पुठ्ठ्याच्या इमारती आणि राक्षसांशी लढणारा डोंगराएवढा वीर. तो चक्क लाल निघाला!

आमचा तर हिरवा होता. घरचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. बाबा विणलेली लुगडी पोचवायला शेठकडे जायचे, तिथे रंगीत टीव्ही. माझ्यासाठी एकदा मुद्दाम थांबून बघून आले आणि म्हणाले, "हिरवा हाय, चांगला गर्द." मी वहीभर त्याला हिरवा रंगवला.

जन्म मागावर गेलेला माणूस. त्याला लाल कळू नये? थट्टा केली असेल? पण थट्टा त्यांच्या स्वभावातच नव्हती. आता विचारायला बाबा नाहीत.

आईला मोबाईल दाखवला. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. पाहिलं, पण हसली नाही. म्हणाली, "सुताच्या कांड्या मीच देत होती तुह्या बाबाले."

"मग हिरवा काहून सांगितला त्यायनं?"

"सोल वं शेंगा."

लाल सुताच्या कांडीला आई एक गाठ मारायची. फक्त लाल. मला वाटायचं, सगळे विणकर मारतात.

म्हणजे त्या गाठीवरून बाबा लाल ओळखायचे...? आणि आईनं कधीच, कुणालाच कळू दिलं नाही...?

आई लाल लुगडं नेसली की बाबा माग थांबवून बघत राहायचे. त्यांना काय दिसत होतं?