हार्लनचं यीस्ट आणि माझा फ्लास्क

११ जानेवारी
क्लबची मीटिंग. डलुथच्या या होमब्रू क्लबात एकवीस माणसं घरी बिअर करतात. त्यात डोकं असलेला एक. दिवंगत हार्लन ऑस्बीने बावीस वर्षं जिवंत ठेवलेलं यीस्ट कोणी सांभाळायचं, हा विषय होता. माझी एकमताने निवड झाली. (दुसऱ्या कोणी हातच वर केला नाही.) नऊ मार्चला हार्लनचा वाढदिवस. त्याच यीस्टची बिअर करून बर्फावर कर्लिंग खेळणाऱ्यांच्या क्लबच्या हॉलमध्ये त्याच्या नावाने प्यायची.
त्याची बायको व्हर्ना बरणी माझ्या हातात देताना म्हणाली, जप हं, क्लिफर्ड. हे मला! चौतीस वर्षं शाळेत केमिस्ट्री शिकवली मी.

१२ जानेवारी
बरणी नीट पाहिली. पीनट बटरची. लेबल अर्धवट खरवडलेलं. बावीस वर्षं एका सजीवाला यात ठेवलं. पोलिसांत द्यायला हवं होतं.
बिअर करण्याआधी स्टार्टर करावा लागतो. माल्टचं पाणी उकळायचं, निववायचं, त्यात यीस्ट सोडायचं. दोन दिवसांत ते वाढून दणकट होतं. आमच्या क्लबातला डेल हा उद्योग दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये करतो. म्हणतो, यीस्टला काय कळतंय? भांडं आतून धुता आलं की झालं. असल्या माणसालाही मतदानाचा हक्क आहे.
निर्णय : प्रयोगशाळेतला शंकूच्या आकाराचा फ्लास्क. दोन लिटर.

१६ जानेवारी
फ्लास्क आला. जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवला. मार्लिस म्हणाली, छान आहे, पण यात मावतील अशी फुलं कुठून आणायची? एकतीस वर्षांचा संसार. काय बोलणार.

१७ जानेवारी, सकाळी १०
उकळायचं, निववायचं, वाढवायचं, सगळं एकाच भांड्यात. हे बरणीवाल्यांना कधी कळणार?

सकाळी १०.२०
फेस अरुंद मानेतून उसळून छताला लागला. दोष शेगडीचा.

सकाळी ११
मार्लिस शिडीवर चढून छत पुसते आहे. मी शिडी धरायला तयार होतो. ती नको म्हणाली. तिच्या आवाजावरून मीही आग्रह केला नाही.

१८ जानेवारी
आज आच मंद ठेवून उकळलं. यश. फ्लास्क अंगणात बर्फात रोवला. तेवढ्यात डेलचा फोन : सगळं यीस्ट एकदम ओतू नकोस रे, चमचाभर बरणीत राखून ठेव. राखून ठेवणं हे भित्र्या लोकांचं काम.
घरात थर्मामीटर एकच, ओव्हनमध्ये भाजायच्या टर्कीच्या पोटात खुपसायचा. त्याला मी हात लावत नाही. हातानेच फ्लास्क चाचपला. कोमट वाटला. (हातात ओव्हनचा जाडा मोजा होता. पण मुरलेल्या हाताला मोज्यातूनही कळतं.) सगळं यीस्ट ओतलं. बरणी उकळत्या पाण्याने घासून लख्ख केली.

१९ जानेवारी
फेस नाही. यीस्ट नव्या घराचा अंदाज घेत असावं.

२० जानेवारी
अजून अंदाज घेतंय.

२२ जानेवारी
तळाशी राखाडी गाळ, वर आंबूस वास. मेलं. बावीस वर्षं पीनट बटरच्या बरणीत काढल्यावर चांगल्या काचेचा धक्का सहन झाला नाही. दोष हार्लनचा. मेलेल्या माणसाबद्दल मी आणखी लिहीत नाही.

२५ जानेवारी
पूल ओलांडून पलीकडच्या गावात जाऊन यीस्टचं पाकीट आणलं. इथल्या दुकानदाराला उगाच चौकशा फार. ही फसवणूक नाही. शोकाकुल लोकांना दिलासा आहे.
फ्लास्कच्या तळाला करपलेला थर बसलाय. ब्रश मानेतून आत जातो, पण खांद्यापाशी वळत नाही. नाइलाजाने मार्लिसची लोणच्याची बरणी घेतली. तात्पुरती.

२६ जानेवारी
तोंडापर्यंत फेस. बरणीचा यात काही वाटा नाही.

२ फेब्रुवारी
डेलच्या गॅरेजमध्ये बिअर शिजवली. आत शिरण्याआधी गाडीतच बरणीतलं यीस्ट फ्लास्कमध्ये ओतून घेतलं. फ्लास्क बघायला सगळे गोळा झाले. डेल एवढंच म्हणाला, याचा तळ का रे काळा? मी म्हटलं, तुला नाही समजायचं.
हल्ली झोप नीट लागत नाही. हवामान.

९ मार्च
हॉल भरलेला. पहिल्या घोटालाच डेल म्हणाला, हार्लनच आलाय रे! आणखी दोघा जणांच्या डोळ्यांत पाणी. यांच्या जिभा कापून मुरत घातल्या तरी चव यायची नाही. मला कायमचा यीस्टरक्षक नेमलं. टाळ्या.
मग व्हर्ना माझा दंड धरून कोटांच्या खोलीत घेऊन गेली. म्हणाली, कधी मेलं रे?
मी तापमान, काच, पेशींवरचा ताण, सगळं समजावलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, हार्लनने चारदा मारलं. पहिल्यांदा गरम पाण्यात, तुझ्यासारखंच. प्रत्येक वेळी तो दुकानातून पाकीट आणायचा. क्लबला कधी पत्ता लागू दिला नाही.
म्हणजे या गाढवांनी बावीस वर्षं दुकानाचं यीस्ट पुजलं! मी हसायला लागलो. ती हसली नाही.
म्हणाली, पण घरी येऊन मला सांगायचा. स्वयंपाकघरात उभा राहून रडायचा वेडा. तू मार्लिसला सांगितलंस?
मी म्हटलं, तिला यातलं काही कळत नाही.
व्हर्नाने माझा दंड सोडला. माझा कोट शोधून माझ्या हातात दिला.

१० मार्च
नाश्त्याच्या वेळी मार्लिसला सांगितलं. छताच्या फेसापासून पाकिटापर्यंत.
तिने विचारलं, एवढंच?
दीड महिना मी झोपत नाही, धड बोलत नाही, गाडी घेऊन न सांगता जातो. तिला वाटलं होतं, डॉक्टरांनी मला काहीतरी सांगितलंय आणि मी लपवतोय. माझ्या बहिणीला तिने दोनदा फोन केला होता. हे सांगताना ती हसायला लागली, मग खुर्चीत बसून तोंडावर हात घेऊन रडली.
मग मला मूर्ख म्हणाली.
मी काही समजावलं नाही.