बटणांवरच्या चिठ्ठ्या

४ जानेवारी

दुप्पट! बिल दुप्पट आलं आणि यांनी ते जिन्यात उभं राहून मोठ्यांदा वाचलं. समोरची शेजारीण दार किलकिलं करून ऐकत होती. "हिला बटणं बंद करायची अक्कल नाही!" ही म्हणजे मी. हे चाळीस वर्षं लोकांच्या घरी विजेचे मीटर वाचत हिंडले, म्हणून मी यांना मीटरसाहेब म्हणते. अख्ख्या गल्लीचे आकडे तोंडपाठ होते, आणि चोर सापडला कोण — मी!

मला लिहिता येत नाही. पण नातीने परवा फोनमध्ये सोय करून दिलीय — मी बोलायचं, तो लिहितो. बरं झालं. मला साक्षीदार हवाच होता.

५ जानेवारी

सकाळपासून घरभर चिठ्ठ्या! प्रत्येक बटणाखाली एक, त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षरात. म्हटलं, "अहो, मला वाचता येतं का?" तर म्हणे, "बघून बघून सवय होईल." पन्नास वर्षांत एक अक्षर शिकवलं नाही, आणि आता भिंतीवर शाळा काढलीय.

वर फर्मान — कपडे धुवायचं मशीन विकायचं. "तेच वीज खातंय. पुढच्या रविवारी माणूस येऊन घेऊन जाईल." लेकीने माझ्या मनगटांसाठी घेऊन दिलेलं मशीन! ओली चादर पिळली की माझा हात दोन दिवस वर होत नाही, हे काय यांना माहीत नाही?

थांबा. रविवार मलाही येतो.

७ जानेवारी

खालच्या वायरमनला चहा पाजून सगळं काढून घेतलं. "आजी, मीटरवर लाल दिवा लुकलुकतो ना? घरातलं सगळं बंद करा, मग एकेक वस्तू लावून बघा. दिवा जितका घाईत, तितकी वीज जास्त." एवढंच! आणि मीटरशी अर्धा संसार केलेल्या माणसाने हे मला कधी सांगितलं नाही.

हे फिरायला गेले तशी जिन्यात स्टूल टाकून बसले. पंखा लावला — दिवा पेंगतोय. टीव्ही — तसंच. मशीन, थंड पाण्यावर — चालतोय, पण रमतगमत. गिझर — बाई बाई बाई! दिवा पिसाळल्यासारखा!

वायरमन जाता जाता म्हणालाच होता, "पाणी तापवणारी वस्तू खरी खादाड. आणि ठरावीक युनिटांच्या पुढे गेलात की पुढचं प्रत्येक युनिट महाग." म्हणजे माझं मशीन बिचारं फुकट फासावर चाललंय.

८ जानेवारी

सापडला! मी पहाटे अंघोळ करते, बटण बंद करते, दोनदा बघते. हे नंतर करतात. हे फिरायला गेल्यावर बघितलं, तर गिझर चालूच. परत येईपर्यंत दोन तास उकळत राहिला असता. मी बटण बंद केलं, आणि तोंडही. आत्ता नाही बोलायची. रविवारी, चारचौघांत!

९ जानेवारी

आजही चालू. मोजत्येय.

१० जानेवारी

मला चिठ्ठ्या वाचता येत नाहीत, पण ओल्या फडक्याने त्या सुटतात हे कळतं. पॅसेजमधल्या बोर्डावरच्या सगळ्या इकडच्या तिकडे करून टाकल्या. कुठली कुठे गेली, देव जाणे.

११ जानेवारी

पोट धरून हसले! हे अंघोळ करून आले, बोर्डापुढे उभे राहिले, चिठ्ठीवर बोट ठेवून वाचलं, "गिझर," आणि ऐटीत फ्रिज बंद केला! मग गिझरच्या बटणावर बोट — "फ्रिज. बंद करू नये." हात मागे! स्वतःच्या अक्षरावर काय तो विश्वास! मी स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून उभी. दुपारी दूध नासलं. "हेही तूच केलंस!" म्हणाले. होय साहेब, या वेळी मीच.

१२ जानेवारी

भाषण तयार आहे. शेजारणीलाही बोलावलंय — "उद्या अकराला ये, गंमत आहे." जिन्यातलं सगळं जिन्यातच फेडणार. सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. म्हटलं, कागदाआड लपायला नको.

१३ जानेवारी

मशीन न्यायला माणूस आला. शेजारीण दारात. मी बोर्डाशी गेले, कमरेवर हात ठेवून म्हटलं, "मीटरसाहेब, मशीन जाईल, पण आधी हा चालू राहिलेला गिझर बंद करून दाखवा."

त्यांनी हात वर नेला. सहा बटणं. बोट एकावरून दुसऱ्यावर गेलं, तिसऱ्यावर थबकलं, परत पहिल्यावर आलं. तीस वर्षं हाच बोर्ड, याच भिंतीवर. शेजारीण हसायच्या बेतात होती. मीही होते.

मग माझ्याकडे वळले. हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "कुठलं गं?"

भाषण जिभेवर होतं. गिळलं. बटण मीच दाबलं. "मीच चालू ठेवला होता, माझंच लक्ष नसतं हल्ली," असं मोठ्यांदा म्हटलं. आणि त्या माणसाला सांगितलं, "जा बाबा, मशीन बिघडलंय."

१४ जानेवारी

चिठ्ठ्या माझ्यासाठी नव्हत्याच.

आज गिझरच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठळक ठिपका काढला. "हे कशाला?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "मला कुठे वाचता येतं? माझ्यासाठी आहे."

"बरं केलंस," म्हणाले.