बुटात उगवलेलं सोयाबीन

मु. कनेरगाव नाका,
मंगळवार

आदरणीय साडूभाऊ देविदासराव यांना रामकिशनचा हात जोडून रामराम.

इकडं आम्ही सगळे ठीक आहोत, फक्त माझे दोन पाय सोडून. तुमचा गुडघा काय म्हणतो, शिलाताईंचं बीपी गोळीला ऐकतं का, म्हैस व्याली का, ते कळवा. (व्याली असेल तर लग्नघरी खरवस पाठवायला लाजू नका.) सोबत आमच्या प्रतिक्षाच्या लग्नाची पत्रिका आहे. सख्ख्या साडूला पत्रिका हातानं नेऊन द्यावी, घटकाभर बसून चहा घ्यावा, एवढी रीत मला कळते. पण तुमच्या वारंगा फाट्याला का आलो नाही ते पुढं वाचा, आणि वाचताना एकटे बसा. फोनच केला असता, पण आमच्या घरी फोन लागला की कोणीतरी तो स्पीकरवर टाकतं आणि ओसरीवरचं सगळं लग्नघर माझ्याआधी बोलायला लागतं.

साखरपुड्याला तुम्ही होतातच. मी नवा सदरा, नवा पायजमा आणि पायात माझी रोजची चप्पल घालून उभा होतो. तेव्हा नवरदेवाच्या मामांनी चार माणसांत विचारलं, "व्याही शेतातून डायरेक्ट आले काय?" मी हसलो. (आलो होतो शेतातूनच, खोटं काय बोलायचं.) पण चहाचा ट्रे घेऊन आलेल्या प्रतिक्षानं ते ऐकलं. तिनं माझ्या चपलेकडं बघितलं, मान खाली घातली आणि कप ठेवून आत गेली. पुढच्याच पगाराला पोरीनं वाशीमच्या बँकेतून सुट्टी टाकली आणि मला हिंगोलीला बुटाच्या दुकानात नेऊन बसवलं.

साडूभाऊ, साठी उलटेपर्यंत ज्या पायानं काळ्या रानातला चिखल तुडवला, तो पाय बुटात जायला तयार नसतो. माझी बोटं पसरलेली, अंगठ्याच्या बुडाशी हाड वर आलेलं, करंगळीजवळ कुरूप. लांबीला बसणारा बूट रुंदीला बसेना, आणि रुंदीला बसणारा घातला की टाच आत मोकळी फिरायची. दुकानदारानं माळ्यावरचे जोड काढले, नाइलाजानं टोकदारही काढले. शेवटी म्हणाला, "चाचा, दो दिन में पैर सेट हो जाएगा." पाय सेट होईल म्हणाला, बूट नव्हे, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला पाहिजे होतं. मग एक काळा, चकचकीत, नाडीचा जोड आला. प्रतिक्षा फरशीवर खाली बसली, स्वतःच्या हातानं नाड्या बांधल्या आणि वर बघून म्हणाली, "बाबा, बराबर आहेत न्हाई?" आता ते तोंड बघून मी काय सांगणार. एकदम बराबर म्हणालो. करंगळी तेव्हाच रडत होती.

घरी आल्यावर सवय करायला अंगणात फिरून पाहिलं. तुमच्या मेहुणीनं, म्हणजे आमच्या पार्वतीबाईंनी, पाणी भरता भरता पाहिलं आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नवा गोऱ्हा औताला जुपल्यावानी काहून चालून राहिले?" तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. येत्या रविवारी मंडपाच्या दारात व्याहीभेट. वरून ड्रोन फिरणार, बाजूला ते मामा उभे राहणार. बुटात लंगडलो तर मामा बोलणार आणि चप्पल घातली तर पोरीची मान पुन्हा खाली जाणार. खरं सांगतो, मला भीती वाटते. जेवण जात नाही.

अशात तुमचा सल्ला आठवला. (इथून पुढची जबाबदारी निम्मी तुमची आहे.) तुमच्या बालाजीच्या लग्नात तुम्ही म्हणाला होतात की नव्या बुटात भिजवलेला हरभरा भरून ठेवावा, दाणा फुगला की चामडं सैल होतं. घरातला हरभरा डाळीला गेला होता. म्हणून पेरणीसाठी ठेवलेलं सोयाबीन घेतलं, दोन्ही बुटांत गच्च भरलं, पाणी घातलं. आणि हाताला सवयच तशी, उगवण तपासायला बी गुंडाळतो तसं वरून ओलं गोणपाट गुंडाळलं. जोड बैलांच्या कोठ्यात कडब्याआड ठेवला आणि एका रात्रीचाच मामला म्हणून सिद्धेश्वर धरणाकडं पत्रिका वाटायला गेलो. तिकडचे पाहुणे तुम्हाला माहीत आहेत. एकानं सोडलं की दुसरा मुक्कामाला धरतो, वर मासे खाऊ घालतो.

परत येऊन गोणपाट उघडलं तर बुटांतून हिरवी डोकी वर आलेली. एक दाणा वाया गेला नव्हता. (गेल्या साली हेच वाण रानात निम्मंसुद्धा उगवलं नाही.) चामडं फुगलं, डाव्या बुटाचा तळ सुटून तोंड वासलं, आणि वास असा की बैल मागं सरकला. नाक्यावरच्या चांभाराकडं पिशवीत लपवून नेला. त्यानं आत बघितलं आणि विचारलं, "काका, शिवायचं का काढणीपर्यंत थांबायचं?" बूट आता पुन्हा कडब्याआड आहेत. प्रतिक्षा रोज कामावरून आली की विचारते, बाबा, घालून बघितले का. मी रोज हो म्हणतो. तिच्या पहिल्या आहेराचा मी वाफा करून ठेवला, हे लग्नाच्या तोंडावर कोणत्या तोंडानं सांगू?

घरातल्या मोठ्यांच्या पाया पडतो, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
रामकिशन

ता. क. बालाजीच्या लग्नात तुम्ही घातलेला काळा जोड प्रेमदास जीपवाल्याच्या हातून शनिवारच्या आत पाठवा. नाडीचाच आहे, घालून घालून वळलेला आहे, आणि तुमचा पाय माझ्यासारखाच पसरट आहे. त्यासाठीच हे सगळं लिहिलं.

ता. क. दुसरं. शिलाताईंना सांगू नका. त्यांना सांगितलं की पार्वतीबाईंना कळतं, आणि मग नाक्याला कळतं. म्हणूनच मी स्वतः आलो नाही.

ता. क. तिसरं. काका, मी प्रतिक्षा. पाकिटांवर नावं मीच घालते आहे. तुमच्या पाकिटात पत्रिकेचा पुठ्ठा हाताला लागला नाही म्हणून उघडलं. बाबा पत्रिका घालायचीच विसरले होते, ती आता घातली आहे. बूट पाठवू नका. बालाजीदादाच्या लग्नात तुम्ही ते मंडपामागं काढून मावशीच्या चपलांवर फिरत होतात, मी पाहिलं आहे. दुकानातून येताना बाबा एसटीत पाय चोळत होते, तेही पाहिलं होतं. मामांचं बोलणं मला लागलं होतं, पण त्यासाठी बाबांनी लंगडायला नको. आज मी सासरी फोन करून सांगितलं की आमच्यात व्याहीभेट दोघांनी अनवाणीच घ्यायची असते, जुनी रीत आहे. कोणी विचारलं तर तुम्हीही तसंच सांगा. बाबांना मात्र रविवारीच कळू द्या. सासरे तिकडं लग्नाचे कपडे, बूट सगळं घालून बघत होते. "लई चांगली रीत आहे, पोरी," म्हणाले, आणि लगेच काहीतरी जड फरशीवर आपटल्याचा आवाज आला. एकदा, आणि मग पुन्हा एकदा.