दोरीवरचा ओला पोशाख

चि. बाळास, म्हाताऱ्या आईचा लांबून आशीर्वाद, आणि पत्र टाकत नाहीस म्हणून एक चिमटा.

अक्षर सुबक दिसलं तर हुरळू नकोस. मी बोलतेय, शेजारच्या खोलीत भाड्याने राहणारी नर्स लिहितेय. मी ठणठणीत आहे. सूनबाईचा गुडघा कसा आहे?

तुझ्या लेकीच्या पंधराशे मीटर फ्रीस्टाइलला टाळ्या खूप वाजल्या. बाकीच्या पोरी अंग पुसून बसल्या तरी ही एकटीच पाण्यात हात मारत होती, म्हणून वाजल्या. तिचा खांदा कामातून गेला रे. डॉक्टर म्हणाले, पोहणं संपलं.

तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून पडून असते. केसांना क्लोरीनचा वास येत नाही. तिच्या सरावासाठी इथे खोली घेतल्यापासून त्याच वासाला मी इतकी वर्षं नाक मुरडलं!

दोरीवर तिचा पोहायचा पोशाख कोरडा बघवत नाही, म्हणून रोज सकाळी मीच तो भिजवून वाळत घालते. काल तिने पाहिलं. "आजी, वेडी आहेस का गं?" म्हणत पिळायला आली, तर खांद्याने तेवढंही करू दिलं नाही.

आम्ही घरी येतोय. दारात तिला शर्यतीचं विचारू नकोस. पिशवी मात्र तूच उचल.

अंगठा उठवणारी,
तुझी आई