कमान साडेसतरा फूट

४ मार्च २००१
आजपासून उचगाव फाट्यावर रोज बसायचं. मुंबई बंदरात उतरलेली इम्पोर्टेड मशिनरी इथनंच बेंगलोरकडं जाते, आणि आमचे कवी अजून प्राजक्त वेचतात. माझ्या कादंबरीत माणूस एकबी न्हाय. फक्त ट्रेलर, चाकं, माल. मराठीत हे कुणी केलेलं न्हाय.
आज: बावीस चाकी, निळी ताडपत्री. माल बहुतेक जर्मन.

५ मार्च
उठायला उशीर झाला. उद्यापासून नक्की.

११ मार्च
एमआयडीसीकडं जाणाऱ्या रस्त्यावरची गावची कमान मोजली. शिडी लावून, टेपनं, स्वतः. साडेसतरा फूट. हा आकडा जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडं नसणार.
आक्का दवाखान्यातनं डबल ड्युटी करून आली. मोजून काय मिळालं म्हणाली. आकडा मिळाला म्हटलं.

२० ऑगस्ट
सोळा चाकी, दोन. टपरीवाल्या झुंबरबाईंनी विचारलं, एवढं वाट बघत बसतोस, त्यातनं तुला न्ह्यायला कोण येणार हाय काय. अशा लोकांत राहून लिहायचं.

२ ऑक्टोबर
पंचायतीचं इलेक्शन, म्हणून कमानीखालच्या रस्त्याला डांबर. जुन्यावरच नवीन ओतलं, रोलर फिरवला. तीन दिवस गाड्या दुसरीकडनं. नोंदी शून्य. कलावंतानं काम करायचं कसं?

१५ जानेवारी २००२
आक्काला गडहिंग्लजचं स्थळ. मास्तर हायत. वय तिचं एकतीस. भाऊ कामाला लागू दे, आईचं तो बघंल, मग करू, असं तिनं सांगितलं. पाव्हणे पाडव्यापर्यंत थांबतो म्हणालेत. म्हणजे सगळं माझ्यावर. प्रेशरखाली लिखाण होत न्हाय.

२८ फेब्रुवारी
मंत्री येणार, परत डांबर. त्याच रस्त्यावर, त्याच्यावरच. आणखी एक आठवडा वाया.

१९ मार्च
बाळासो टपरीवर आले. हेवी ट्रेलरचे कॉन्ट्रॅक्ट घेतात. वही चाळली. एमआयडीसीतल्या फाउंड्रीसाठी परदेशातनं मोल्डिंग मशीन येतंय, ट्रेलरसकट उंची सतरा फूट तीन इंच, कमानीतनं जाईल का म्हणाले. पान उघडून दाखवलं. तीन इंच शिल्लक. ही गाडी नीट पोचव, रूट सर्व्हेचं काम कायमचं तुझं, म्हणाले.
एक वर्ष मला येडा म्हणणाऱ्यांनी आता बघावं.
आक्कानं लगेच गडहिंग्लजला फोन लावला. बोलताना हसत होती.

३ एप्रिल, सकाळी ८
इस्त्रीचा शर्ट. ट्रेलर फाट्यावर. चौसष्ट चाकं. कृष्णात क्लीनर हातात लांब बांबू घेऊन उतरला. बांबू गाडीच्या उंचीएवढा तोडलेला, टोकाला लाल फडकं. पुढं चालत जाऊन कमानीला लावून बघणार म्हणे. दोन हजार दोन साल हाय. बांबू ठेव गाडीत म्हटलं, वही हाय. तो म्हणाला, पावणं, वही कमानीला अडत न्हाय, बांबू अडतो. अडाणी माणूस. बाळासोंकडं बघितलं. ते कृष्णातला म्हणाले, राहू दे बांबू गाडीत, हा वहीवाला म्हणतोय तसं.

३ एप्रिल, दुपारी
अडकली.
मशीनच्या डोक्यावरचा पाइप चेपला. कमानीवरची पाटी खाली. अख्खं गाव बघायला. कृष्णातनं चाकांतली हवा कमी केली, गाडी चार बोटं खाली बसली आणि निघून गेली. बाळासो माझ्याशी बोलले न्हाईत. बांबूला बोलले, म्हणजे कृष्णातला.
कमान परत मोजली. सतरा फूट एक इंच. म्हणजे पाच इंच खचली. बांधणाऱ्यानं सिमेंट खाल्लं. माझा आकडा बरोबरच होता.

१६ एप्रिल
पाडवा झाला. गडहिंग्लजवाल्यांनी दुसरीकडं ठरवलं. आक्कानं फोन ठेवला, डबा भरला. मग माझी वही उघडली. एक वर्षात पहिल्यांदा. दोन ऑक्टोबर वाचलं. अठ्ठावीस फेब्रुवारी वाचलं. म्हणाली, कमान कशाला खचंल, रस्ता वर आलाय. दोनदा. तूच लिहिलंयस की. रोज तिथं बसून बघत काय होतास?
वही मिटली, चप्पल घातली, ड्युटीवर गेली.
न विचारता दुसऱ्याची वही वाचणं बरं न्हवं. तिला हे स्पष्ट सांगणार हाय. आज ती आली, जेवण केलं, वाढलं, की मग.