पाठ असलेली ओळ

ता. १२, मंगळवार

चि. बेबीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझे पार्सल काल दुपारी सुखरूप पोचले. बूट एक जोड, लोकरीचे मोजे दोन जोड, विजेरी एक, पाण्याची बाटली एक आणि अंगाचे साबण चार. पोचवणाऱ्याने वीस मागितले, बारावर तुटले. साबण इथेही मिळतात आणि तुझ्याकडच्यापेक्षा स्वस्त मिळतात, तेव्हा यापुढे साबण घालून पार्सलचे वजन वाढवू नकोस. बूट मुंगीला बोटभर मोठे होतात ते बरेच झाले, पुढल्या वर्षीही चालतील.

इकडे सगळे ठीक. ह्यांचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण गुडघ्यापेक्षा हेच जास्त कुरकुरतात. स्वयंपाकघरातला नळ मी स्वतःच वायसर घालून बसवला. मुंगी जेवते खाते, अभ्यास सांगितला तर करते, न सांगता करत नाही, म्हणजे तुझ्यावरच गेली आहे. तिच्या निळ्या फ्रॉकची खालची शिवण उसवून चार बोटे खाली सोडली. तुमच्या दवाखान्याच्या वसतिगृहात मुले ठेवू देत नाहीत म्हणून ती इथे आली, तेव्हा हाच फ्रॉक तिच्या पायात येत होता. जावईबापूंचे बोटीवरून कार्ड आले. त्यात हवेखेरीज काही नाही.

तू प्रत्येक पत्रात विचारतेस, मुंगीचा पथकाचा स्कार्फ घातलेला फोटो कुठे आहे. मागच्या खेपेला मी लिहिले की फोटोवाला आजारी आहे. बेबी, फोटोवाला ठणठणीत आहे. परवा तो मला बाजारात भेटला आणि मीच ओशाळून प्रकृती कशी आहे म्हणून विचारले, तर म्हणाला, "मला काय धाड भरलीय?"

फोटो नाही, कारण स्कार्फ नाही.

आता सगळे नीट सांगते, मधेच रागावू नकोस. पथकात तुझ्या वेळेपासून काही बदललेले नाही. शाळेमागच्या मैदानात तोच तंबू, मुले गोलात आणि पालक बाकांवर. नवे मूल मधे येऊन हात वर करून शपथ म्हणते, मग त्या लांब दोराला आपली एक गाठ मारते, आणि शिट्टीताई त्याच्या गळ्यात स्कार्फ घालते. शिट्टीताई म्हणजे आताची पथकाची ताई. मुलगी फार गोड आहे, पण गळ्यातली शिट्टी झोपतानाही काढत नसावी. शपथ नाही तर स्कार्फ नाही, आणि स्कार्फ नाही तर डोंगरावरच्या मुक्कामाला नेत नाहीत, हाही जुनाच नियम. मुंगीचा सगळा जीव त्या मुक्कामात. गाठींचा तर इतका सराव केला की घरातली एक वस्तू मोकळी राहिली नाही. एकदा हे खुर्चीवरून उठले तर टेबल मागोमाग आले.

शपथही तीच. पहिली ओळ "मी नेहमी खरे बोलेन." ती मुंगीने अशी खणखणीत म्हटली की बाकावर बसल्या जागी माझी मान ताठ झाली. दुबळ्याला मदत करीन, झाडे-प्राणी जपेन, तेही झाले. पुढची ओळ "मी देवावर श्रद्धा ठेवीन." तिथे पोर थांबली.

सगळ्यांना वाटले, विसरली. शिट्टीताईने वाकून ओळ सांगितली. तर मुंगी म्हणाली, "मला पाठ आहे. पण म्हणता येत नाही."

मागे कोणीतरी हसले. औषधाच्या दुकानवाले काका आता पथकाचे अध्यक्ष आहेत. ते म्हणाले, असू दे, घाबरली असेल, पुढल्या रविवारी घेऊ. माणूस वाईट नाही हो. उधारीवर औषध देतो आणि चारचौघांत आठवण करून देत नाही.

घरी येऊन मी तिला समोर बसवले. तुला ठाऊक आहे, ही पोर दात घासले म्हणून रोज मला खोटे सांगते. मी जाऊन ब्रश चाचपते तर कोरडा ठणठणीत. ती आज एका ओळीला अडून बसली. मी तेच तिला ऐकवले. तर म्हणते, "ते दातांचं होतं आजी. हे सगळ्यांसमोर हात वर करून म्हणायचं असतं."

"मग म्हणायचं. त्यात काय जड आहे?"

"मला देव आहे की नाही ते माहीत नाही. आणि वरती तर म्हटलं, खरं बोलेन."

बेबी, माझे काय झाले असेल ते तुला सांगायला नको. एक वेळ जेवण चुकेल, पण सकाळची प्रार्थना मी कधी चुकवलेली नाही, तुझ्या जन्माच्या दिवशीसुद्धा नाही. आणि ही रोज माझ्याबरोबर बसते. मी म्हटले, मग इतके दिवस प्रार्थनेला बसतेस ती कशाला?

ती म्हणाली, "मला तुझ्याशेजारी बसायला आवडतं."

मी उठून भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती.

हे पेपरामागून म्हणाले, "हिच्याबरोबर एवढी वर्षं काढली, माझ्याकडून शपथ घ्यायला कोणी आलं नाही, म्हणून मी सज्जनांत मोडतो." तुझ्या बाबांना मी प्रार्थनेला बसलेले पाहिलेले नाही. का, हेही कधी विचारले नाही. नवऱ्याला विचारत नाही ते नातीला विचारायला निघाले होते.

आठवडाभर बायांना विषय मिळाला. शेजारची शिवणकामवाली तर बटणे परत द्यायच्या निमित्ताने आली आणि म्हणाली, एवढी तुमची भक्ती आणि दिव्याखाली हा असा अंधार. मी म्हटले, दिवा आहे एवढे तरी मान्य केलेत, बरे झाले. पण ती गेल्यावर मला जेवण गेले नाही. खरे सांगते, मला मुंगीपेक्षा माझीच लाज जास्त वाटत होती. लोक म्हणतील, हिने पोरीला शिकवले तरी काय.

यापुढचे लिहायचे नव्हते. पण लिहिले नाही तर बाकीचे पत्र फुकट.

दुसऱ्या रविवारी सकाळी मी तिच्या वेण्या घालत होते. वेणी घालताना मूल हलू शकत नाही आणि आपल्याला त्याचे तोंड दिसत नाही, म्हणून अवघड गोष्टी आया त्याच वेळी बोलतात. मी म्हटले, "मुंगे, त्या ओळीला नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस. कोणाला कळणार नाही आणि तुझा मुक्काम चुकणार नाही."

माझ्या हाताखाली तिची मान ताठ झाली. मी रिबीन बांधली, भांग नीट केला, आणि तेवढ्यात माझे मला ऐकू आले की मी काय बोलले. देवाच्या नावाने खोटे बोलायला मी शिकवले, बेबी. आणि तेही कोणाला, तर तो आहे की नाही हे माहीत नसतानाही जी त्याच्या नावाने खोटे बोलत नाही तिला.

मैदानावर ती ओळ आली तेव्हा मुंगीने माझ्याकडे पाहिले आणि ओठ घट्ट मिटून घेतले. लहान मुले औषध नको म्हणून मिटतात ना, तसे.

अध्यक्ष मोठ्या मायेने म्हणाले, हरकत नाही, पोर लाजते आहे, आजींनी तिच्या वतीने सांगावे. आजींचा शब्द आम्हाला पुरे, त्यांच्याइतके देवाधर्माचे इथे कोण आहे. सगळे बाक माझ्याकडे वळले. मी उभी राहिले. एवढेच म्हणायचे होते, "आमच्या मुंगीची देवावर श्रद्धा आहे." शिट्टीताई स्कार्फ हातात घेऊन तयार उभी होती.

मी म्हटले, "माझी आहे. तिची तिला माहीत. ज्याच्या नावाची शपथ आहे, त्याच्यासमोर उभं राहून मी दुसऱ्याच्या वतीनं होय म्हणू शकत नाही." आणि खाली बसले.

स्कार्फ परत पेटीत गेला. मुंगी गोलाच्या बाहेर माझ्या बाकावर येऊन बसली. घरी परतताना वाटेत तिने माझा हात धरला. तशी ती मोठी झाल्यापासून रस्त्यात हात धरत नाही.

त्याच संध्याकाळी अध्यक्ष घरी आले. चहा घेतला, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. म्हणाले, मी कोणाला वाईट म्हणत नाही. पण पथक म्हणजे धर्मशाळा नव्हे, त्याला काही चारित्र्य हवे. आज ही ओळ गाळली तर उद्या दुसरा येऊन म्हणेल, "खरे बोलेन" तेही गाळा. मग राहिले काय? त्यांचे म्हणणे मला अगदीच खोटे वाटले नाही. मीही तुम्हा मुलांना नियमांवरच वाढवले. हे म्हणाले, "काका, ती 'खरे बोलेन' गाळत नाही. पंचाईत तीच आहे."

शिट्टीताईने म्हणे दुपारी पथकाच्या सभेत सांगितले की मुंगीला तशीच न्या, ती नसेल तर मीही येत नाही. अध्यक्षांना ते लागले आहे, पण आवडलेही आहे असे मला वाटले. शेवटी त्यांनी एक वाट काढली. म्हणाले, हिची आई आपल्याच पथकातली, दोरावर तिची गाठ आहे. तिने दोन ओळी लिहून पाठवाव्यात की माझ्या मुलीची श्रद्धा आहे, ती लाजाळू आहे म्हणून म्हणत नाही. मी सभेत वाचून दाखवतो आणि पोरीला नेतो. मुक्काम येत्या शनिवारी नाही, त्याच्या पुढल्या शनिवारी आहे.

मी त्यांना होय म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. मुलगी तुझी. तू लिहिलेस तर ती जाईल. नाही लिहिलेस तर तिच्या वर्गातल्या सगळ्या जातील आणि ही इथे माझ्याबरोबर शेंगा सोलत बसेल, आणि मला ते बघवणार नाही. तरी काय लिहावेस ते मी सांगणार नाही. एकदा सांगून बघितले, त्याचे काय झाले ते वर लिहिले आहे. मी माझ्या देवालाही विचारले, खोट्या होकाराने तुझे काय वाढणार आहे? त्याने काही सांगितले नाही. तिला तो कधीतरी भेटावा असे मला फार वाटते, आणि ते मी त्याच्याकडे रोज मागते. पण मागायचे त्याच्याकडे. तिच्याकडून वसूल करायचे नाही, एवढे मला आता कळले.

अध्यक्षांचे बोलणे मुंगीने आतून ऐकले होते. ते गेल्यावर बाहेर आली आणि विचारले, "आईनं शपथ घेतली तेव्हा तिला देवाचं माहीत होतं?"

मी म्हटले, तिलाच विचार. तर म्हणाली, "तू लिही ना. तुझ्या पत्राला ती लगेच उत्तर देते."

म्हणून हे पत्र. बेबी, तुझ्या शपथेच्या दिवशी मी पहिल्या बाकावर होते. नवीन रिबिनी होत्या आणि तुला ताप येऊन गेलेला होता. त्या ओळीला तुझे ओठ हलताना मी पाहिले. आवाज ऐकल्याचे मात्र काही केल्या आठवत नाही. इतकी वर्षे वाटत होते की तापाने घसा बसला असेल.

मला काही सांगू नकोस. मी विचारत नाही. मुंगीला लिही, आणि जे असेल ते लिही. पथकाला काय लिहायचे ते त्यानंतर तुझे तूच ठरव. तिकीट लावलेले पाकीट सोबत ठेवले आहे, त्यावर तिचे नाव घातले आहे, म्हणजे ते मी फोडणार नाही. त्या शनिवारच्या आत पोचायला हवे, तेव्हा पत्र मिळेल त्या दिवशी रात्रपाळी असली तरी दुसऱ्या सकाळी झोपण्याआधी चार ओळी लिही.

तुझे उत्तर होय असो, नाही असो, की आपल्या मुंगीसारखे माहीत नाही असो, तू माझी तीच बेबी आहेस. एवढे एक वाक्य लिहायला मला इतका कागद लागला. उलट टपाली कळव.

तुझी,
आई